दीड वाजण्यापूर्वी

शनिवार, 9 जानेवारी 2021. रात्री 1.30

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागातून धूर येताना नाइट ड्युटीवरच्या सिस्टरला दिसला. विभागात 17 बाळे होती. 7 वाचली, 10 गेली. गेलेल्यांत काही दिवसांचे बाळ होते आणि तीन महिन्यांचेही.

पुढे काय झाले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. दीड वाजेपर्यंत काय होत गेले आणि काय होत गेले नाही, ते इथे क्रमाने मांडले आहे. सुरुवात बारा वर्षे मागून आहे.

6 डिसेंबर 2008

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा कायदा राज्यात लागू झाला. त्यातली एक तरतूद साधी आहे. इमारतीचा मालक किंवा ती वापरणारा, जो कोणी असेल त्याने, परवानाधारक संस्थेकडून आगीची यंत्रणा तपासून घ्यायची आणि ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा सादर करायचे. एकदा जानेवारीत, एकदा जुलैत. या धंद्यातले लोक त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात.

म्हणजे वर्षातून दोन तारखा कायद्यानेच ठरवून दिल्या. त्या पाळल्या गेल्या की नाही, हे कुणीही कागद मागून पाहू शकतो.

9 डिसेंबर 2011, पहाट

कोलकात्याच्या आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. ज्वाळा वरच्या मजल्यांवर फारशा पोचल्याच नाहीत, धूर पोचला. नव्वदच्या आसपास माणसे गेली, त्यांतले बहुतेक रुग्ण होते आणि ते गुदमरून गेले. ज्याला उठून चालता येत नाही, त्याच्यापर्यंत आगीआधी धूर पोचतो, हे त्या दिवशी देशातल्या प्रत्येक रुग्णालयाला कळले. निदान कळायला हवे होते.

त्याच वर्षी, 2011

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवजात बालकांच्या रुग्णालयीन उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जिल्हा रुग्णालयांतले विशेष नवजात काळजी कक्ष, सगळे ज्यांना ‘एसएनसीयू’ म्हणतात, ते या सूचनांवर उभे राहिले. 1800 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे, दिवस भरण्याआधी जन्मलेले, श्वास न घेणारे, कावीळ झालेले बाळ इथे येते. बाळाला उघड्या पाळण्यात ठेवतात. वर उष्णता देणारी पट्टी असते, खाली फोमची गादी, बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकच्या कडा. हा वॉर्मर. बाळाच्या पोटावर एक सेन्सर चिकटवतात. त्वचेचे तापमान 36.5 अंशांच्या आसपास ठेवायचे असते. ते थोडे जरी ढळले, तरी वॉर्मर वाजतो.

या कक्षांनी काम केले, हे आधी सांगायला हवे. नमुना नोंदणी पाहणीनुसार 2011 मध्ये देशात दर हजार जन्मांमागे 31 बाळे पहिल्या 28 दिवसांत दगावत होती. 2020 मध्ये हा आकडा 20 वर आला. त्या फरकात अनेक गोष्टींचा वाटा आहे, आणि रात्रभर वॉर्मरपाशी उभ्या राहणाऱ्या सिस्टर्सचा वाटा मोठा आहे.

सूचनांप्रमाणे कक्षाचे दोन भाग असतात. त्याच रुग्णालयात जन्मलेली बाळे ‘इनबॉर्न’ भागात, बाहेरून आणलेली ‘आउटबॉर्न’ भागात. जंतुसंसर्ग एकीकडून दुसरीकडे जाऊ नये, हा हेतू.

आउटबॉर्न म्हणजे कोण, हे समजायला भंडाऱ्यापर्यंत जायला नको. आमच्या पवन मावळातल्या बेडश्याचे घ्या. लेण्यांच्या डोंगराखालचे गाव. इथल्या बाईची प्रसूती जवळपास झाली आणि बाळ रडले नाही, तर पवनानगरच्या रस्त्याने कामशेत, तिथून हमरस्त्याने कान्हे, तळेगाव, आणि तिथेही जमले नाही तर पिंपरीचे वायसीएम रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा पुण्याचे ससून. बाळ रुग्णवाहिकेतून पुढे जाते. ओली बाळंतीण बऱ्याचदा मागे राहते. बाळ ज्या खोलीत जाते, तिथे ते आउटबॉर्न. गाव, वाडी, तांडा, छोटे दवाखाने यांतून आलेली बाळे या भागात असतात. त्यांच्या आईबापांनी आपले मूल सरकारच्या हवाली केलेले असते, आणि त्याशिवाय त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.

भंडाऱ्यात गेलेली 10 बाळे आउटबॉर्न भागातली होती.

भंडाऱ्याचा कक्ष सुरू झाला तो दिवस

कक्ष सुरू झाला, वॉर्मर बसले, बाळे येऊ लागली. अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हते. या घटनाक्रमातला हा पहिला मोठा निर्णय, आणि तो कुठेही निर्णय म्हणून लिहिला गेला नाही. कुणी ‘प्रमाणपत्राशिवाय सुरू करा’ असा आदेश काढत नाही. उद्घाटनाची तारीख ठरते, निकड खरीच असते, बाळे खरीच मरत असतात, आणि कागद नंतर पाहू असे ठरते. त्यानंतर प्रत्येक जानेवारी आणि प्रत्येक जुलै तसाच गेला.

2018

केंद्राने राष्ट्रीय रुग्ण सुरक्षा अंमलबजावणी आराखडा प्रसिद्ध केला. मुदत 2018 ते 2025. चुकीचे औषध, चुकीच्या अवयवावर शस्त्रक्रिया, रुग्णालयात लागणारा संसर्ग, असुरक्षित उपकरणे, सारे त्यात आले. रुग्णाला इजा झाली किंवा होता होता राहिली, तर त्याची नोंद व्हावी, ती वर पोचावी, आणि नोंद करणाऱ्याला शिक्षेची भीती नसावी, हा त्यामागचा विचार.

‘होता होता राहिली’ हे महत्त्वाचे. प्लग तापला, वॉर्मरचा करंट लागला, ट्यूबलाइट फडफडली, वायरचा वास आला, हे सारे मोठ्या आगीच्या आधीचे निरोप असतात. आपल्या रुग्णालयांत ते वायरमनच्या कानावर घातले जातात. तो येतो, टेप गुंडाळतो, जातो. नोंद होत नाही. मृत्यूची नोंद मात्र चोख होते, कारण तिला रजिस्टर आहे.

मे 2020

टाळेबंदीचे दिवस. आरोग्य विभागाचे सगळे लक्ष कोविडवर. याच महिन्यात भंडारा रुग्णालयात आग विझवण्याची यंत्रणा बसवण्याचा सुमारे दीड कोटी रुपयांचा प्रस्ताव वर पाठवला गेला.

म्हणजे रुग्णालयाला माहीत होते. काय नाही, ते बसवायला किती लागेल, हे सगळे कागदावर आले होते. दुर्घटनेनंतर अज्ञानाची सबब कुणालाच देता येणार नव्हती.

प्रस्ताव टेबलावर राहिला. जून गेला. जुलै गेला. जुलै हा प्रमाणपत्राचा महिना होता.

6 ऑगस्ट 2020, पहाट

अहमदाबादच्या श्रेय रुग्णालयात आग. कोविडचे 8 रुग्ण गेले.

9 ऑगस्ट 2020, पहाट

विजयवाड्यात कोविड केंद्र म्हणून वापरल्या जाणाऱ्या हॉटेलात आग. 10 मृत्यू.

27 नोव्हेंबर 2020, मध्यरात्रीनंतर

राजकोटच्या कोविड रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग. 5 रुग्णांचा मृत्यू.

तिन्ही आगी रात्रीच्या किंवा पहाटेच्या. त्या वेळी माणसे कमी असतात, डोळे जड असतात, खिडक्या बंद असतात आणि यंत्रे मात्र दुपारइतकीच चालू असतात.

भंडाऱ्याचा प्रस्ताव तेव्हा सहा महिन्यांचा झाला होता.

18 डिसेंबर 2020

राजकोटच्या आगीची स्वतःहून दखल घेत सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आदेश दिला. प्रत्येक कोविड रुग्णालयात अग्निसुरक्षेसाठी जबाबदार अधिकारी नेमा. जिल्हानिहाय समिती करा, महिन्यातून एकदा तपासणी करा. ना-हरकत प्रमाणपत्र नसेल तर तातडीने घ्या. मुदत संपली असेल तर चार आठवड्यांत नूतनीकरण करा.

आदेश कोविड रुग्णालयांसाठी होता. आगीला रुग्णाचा आजार कळत नाही. न्यायालयाचे अक्षर पाळायचे की हेतू, हा प्रश्न त्या दिवशी राज्यांपुढे आणि जिल्ह्यांपुढे होता. सरकारी वायरिंग, जुने एसी, चोवीस तास चालणारी उपकरणे आणि अंथरुणावरून उठू न शकणारे रुग्ण जिथे जिथे आहेत, तिथे तिथे याच समितीला फिरवता आले असते. नवजात कक्षापासूनच सुरुवात करता आली असती, कारण तिथल्या एकाही रुग्णाला हाक मारून बाहेर बोलावता येत नाही.

उरले 22 दिवस.

1 जानेवारी 2021

नवे वर्ष. प्रमाणपत्राचा महिना पुन्हा सुरू झाला. देशाचे डोळे लशीकडे लागले होते.

शुक्रवार, 8 जानेवारी 2021. दिवस

देशभरात कोविड लसीकरणाची रंगीत तालीम झाली. 33 राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश, 736 जिल्हे. लस आलेली नव्हती, तरी ती आल्यावर शीतपेटी कुठे ठेवायची, माणूस कोणत्या दाराने येणार, कुठे बसणार, अर्धा तास कुठे थांबणार, कुणाला चक्कर आली तर कोण धावणार, हे सगळे करून पाहिले गेले. नाव नोंदवले, वेळ मोजली, अडचणी लिहून घेतल्या.

ती तालीम चोख झाली. म्हणजे आपल्या सरकारी आरोग्य यंत्रणेला तालीम करता येते. वेळ काढता येतो, माणसे जमवता येतात, एकाच दिवशी 736 जिल्ह्यांत एकच गोष्ट करून दाखवता येते. अंधारात, धुरात, 17 बाळांना कोणत्या क्रमाने उचलायचे, मागचे दार कुणाकडे, मेन स्विच कुठे, याची तालीम घ्यायला यापेक्षा पुष्कळ कमी लागते. पंधरा मिनिटे आणि त्या पाळीतली माणसे.

शुक्रवार, 8 जानेवारी. रात्र

पाळी बदलली. कक्षात 17 बाळे. इनबॉर्न 7, आउटबॉर्न 10.

एसएनसीयूची रात्र ठरलेली असते. दर दोन-तीन तासांनी फीड, मग ते नळीने असो की वाटी-चमच्याने. ऑक्सिजनचे प्रमाण पाहायचे, सलाइनचे थेंब पाहायचे, वजन, लघवी, ताप, सगळे तक्त्यावर लिहायचे. एका सिस्टरकडे तीन-चार बाळे असावीत असा दंडक आहे. आया बाहेर, दुसऱ्या वॉर्डात किंवा व्हरांड्यात. त्यांना दुधापुरते आत घेतात. नातेवाइकांना आत सोडत नाहीत आणि त्याचे कारण योग्यच आहे.

या नियमाचा एक परिणाम ध्यानात घ्यावा लागतो. इतर कोणत्याही वॉर्डात आग लागली तर पहिली आरोळी नातेवाइकाची असते. इथे नातेवाईक नाहीत आणि रुग्णाला बोलता येत नाही. आत जी पाळी आहे, तिचेच डोळे आणि तिचेच नाक.

शनिवार, 9 जानेवारी. रात्री 12 नंतर

दीड वाजता धूर दिसला, म्हणजे आग त्याआधीची.

चौकशीत नंतर जे निघाले ते असे. आउटबॉर्न भागातल्या एका वॉर्मरमध्ये विद्युत बिघाड झाला, ठिणगी पडली. खाली गादी, भोवती प्लॅस्टिक. दोन्ही जळताना ज्वाळेपेक्षा धूर जास्त करतात आणि तो विषारी असतो. खोली बंद, हवा खेळायला वाट नाही.

मोठा माणूस मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेतो. नवजात बाळ 40 ते 60 वेळा घेते. त्याच खोलीत, त्याच मिनिटात, बाळाच्या छातीत तिप्पट वेळा धूर जातो.

बाळाचे तापमान ढळले तर वाजणारी यंत्रे या खोलीत ओळीने मांडलेली होती. धूर झाल्याचे कळले ते माणसाच्या नजरेने.

रात्री 1.30

सिस्टरला धूर दिसला. तिने डॉक्टरांना आणि बाकीच्यांना बोलावले. कर्मचारी धावले. अग्निशमन दलाला कळवले गेले.

इनबॉर्न भागात शिरता आले. तिथली 7 बाळे उचलून बाहेर आणली.

आउटबॉर्न भाग धुराने भरला होता. तिथून एकही बाळ जिवंत बाहेर आले नाही.

3 बाळे भाजून गेली. 7 गुदमरून.

शनिवार, 9 जानेवारी. दिवस

आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी आकडे सांगितले. राज्य सरकारने प्रत्येक कुटुंबाला 5 लाख रुपये जाहीर केले. आरोग्य संचालक डॉ. साधना तायडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे चौकशी नागपूरचे विभागीय आयुक्त संजीव कुमार यांच्याकडे आली. राज्यातल्या सर्व रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश त्याच दिवशी निघाले.

रविवार, 10 जानेवारी

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे भंडाऱ्यात आले, कुटुंबांना भेटले.

गुरुवार, 21 जानेवारी

अहवालानंतर कारवाई जाहीर झाली. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचे निलंबन, एकीची बदली, कंत्राटी डॉक्टर आणि परिचारिका सेवेतून कमी.

18 फेब्रुवारी

दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला. त्या वेळी त्या कक्षात हजर नव्हत्या, हा आरोप.

हजर असायला हव्या होत्या. आरोप खरा की खोटा ते न्यायालय ठरवील. पण हा घटनाक्रम जो वरून खाली वाचत आला असेल, त्याला एक गोष्ट दिसेल. प्रमाणपत्राविना कक्ष सुरू झाला, तेव्हा त्या सिस्टर्सना कुणी विचारले नव्हते. मे महिन्यातला प्रस्ताव त्यांच्या टेबलावर नव्हता. 18 डिसेंबरचा आदेश त्यांच्या नावे आला नव्हता. फौजदारी कलम मात्र सगळ्यांत खालच्या पायरीवर जाऊन थांबले. याचा एक परिणाम रुग्णालयांत आजही दिसतो. पुढच्या वेळी वायरचा वास आला, तर नाइट ड्युटीवरची कंत्राटी सिस्टर तो लेखी कळवेल की गप्प राहील? राष्ट्रीय आराखड्याला हवी असलेली निर्भय नोंद अशा भीतीत होत नाही.

26 मार्च 2021, मध्यरात्रीच्या सुमारास

भांडुपच्या ड्रीम्स मॉलमधल्या सनराइज रुग्णालयात आग.

23 एप्रिल 2021, पहाटे 3 च्या सुमारास

विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग. विभागात 17 रुग्ण होते. 15 जणांचा मृत्यू झाला.

17 सप्टेंबर 2021

जागतिक रुग्ण सुरक्षा दिन. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 पासून हा दिवस सुरू केला. रुग्णालयात उपचार घेताना साधारण दहांतल्या एका रुग्णाला इजा होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोग्या असतात, असे संघटना सांगते. त्या वर्षीचा विषय होता सुरक्षित माता आणि नवजात सेवा.

भंडाऱ्याला आठ महिने झाले होते.

शनिवार, 6 नोव्हेंबर 2021. सकाळी 11 च्या सुमारास

भाऊबीज. अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात आग. विभागात 17 रुग्ण. त्या दिवशी 11 गेले. भंडाऱ्यापासून 301 दिवस.

इथली गोष्ट भंडाऱ्यापेक्षा पुढची होती आणि म्हणून जास्त गंभीर. इथे फायर ऑडिट झाले होते. त्रुटी लिहून दिल्या होत्या. सुचवलेली कामे पैशांअभावी राहिली होती. रात्रही नव्हती, दिवसाउजेडी सगळे झाले.

15 नोव्हेंबर 2024, रात्र

झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात आग. त्या रात्री 10 बाळे गेली.

दर जानेवारी, दर जुलै

प्रमाणपत्र वर्षातून दोनदाच द्यायचे आहे. ते फाइलीत ठेवण्याऐवजी रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीशेजारी लावावे, त्यावर तपासणाऱ्या संस्थेचे नाव आणि तारीख असावी, आणि नवजात कक्ष, अतिदक्षता विभाग यांच्या दारावर शेवटची तालीम कधी झाली ते लिहावे. निधीचा प्रस्ताव अडकला असेल, तर तो कोणत्या तारखेला कुठल्या कार्यालयात गेला, हेही तिथेच लिहावे. याला नवा कायदा लागत नाही, दीड कोटीही लागत नाहीत. आरोग्य संचालकांच्या एका परिपत्रकाने हे उद्या सुरू होऊ शकते. कामशेतच्या पुढे रुग्णवाहिकेत बाळ घेऊन निघालेल्या बापाला ते वाचायला वेळ नसेल. त्याच्या आधी त्या दारातून गेलेल्या आपल्यापैकी कुणीतरी ते वाचलेले असावे, आणि तारीख जुनी दिसली तर विचारलेले असावे.